टॅब घ्यायचा की ई-रीडर?



गेल्या महिन्यात आमच्या स्वाध्याय मंडळातल्या तिघींनी मला वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "मुलं म्हणताहेत, आई, तुला वाचायला काहीतरी घेऊन देतो. टॅब घेऊ, की ते नुसतं वाचायचं असतं ते घेऊ?" मला विचारलं, कारण माझ्याकडे दोन्ही आहेत. परिग्रह परिमाणाचा नियम घेतलेल्या बाईच्या कपाटात वाचायची दोन यंत्रं निघावीत, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. पण खर्च होऊन गेलाय, तर त्याचा हिशेब तरी तुमच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिते. मी बी.कॉम. झालेली. नोकरी कधी केली नाही, पण हिशेब लिहायची सवय सुटली नाही.

आधी दोन्हींतला फरक सांगते, कारण दुकानदार तो नीट सांगत नाही. टॅब म्हणजे मोठा मोबाईलच. त्याच्या पडद्याच्या मागून उजेड येतो आणि तो थेट आपल्या डोळ्यांत जातो. ई-रीडर, म्हणजे किंडल, कोबो वगैरे, त्याचा पडदा वेगळा. त्यात अगदी सूक्ष्म कोश असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण असतात. वीज दिली की ते वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलं की ते कितीतरी दिवस चालतं, टॅब मात्र दिवसा-दोन दिवसांनी लावावा लागतो. ई-रीडरच्या कडेला छोटे दिवे असतात, पण ते पडद्यावर उजेड टाकतात, आपल्या डोळ्यांवर नाही. अंगणात सकाळच्या उन्हात बसलं तर त्यावरचं अक्षर कागदासारखं ठळक दिसतं. टॅब उन्हात धरला की त्यात आपलाच चेहरा दिसतो.

वजनाचंही सांगते. सहा-सात इंची ई-रीडर दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. दहा-अकरा इंची टॅब साधारण अर्धा किलोचा. अर्धा किलो साखरेची पुडी अर्धा तास एका हातात धरून बघा, म्हणजे कळेल.

एवढं वाचून वाटेल की मग प्रश्नच काय, ई-रीडरच घ्यावा. मलाही तसंच वाटलं होतं.

साठी झाली तेव्हा मुलाने हौसेने सहा इंची ई-रीडर आणून दिला. मी त्यात पहिली गोष्ट काय घातली असेल? रत्नकरंडक श्रावकाचाराचं जुनं मराठी भाषांतर, मंडळात कुणीतरी पाठवलेली पीडीएफ. उघडली, तर पानभर मुंग्या. बोटांनी ओढून मोठं केलं, तर ओळीचा अर्धा भाग पडद्याबाहेर. एक ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवायचं, पुन्हा मागे यायचं. दोन श्लोक होईपर्यंत अर्थ कुठे गेला ते कळेना. चार दिवस खटपट केली आणि ते कपाटात ठेवून दिलं. मुलाने विचारलं की मी "वाचते ना" म्हणायचे. असत्य भाषणाचा दोष तेवढा माझ्या खात्यावर.

पुढे एकदा शिवणाचा टेप घेऊन बसले, तेव्हा कारण कळलं. आपली बरीच जुनी पुस्तकं डेमी आकाराची असतात, पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. सहा इंची ई-रीडर म्हणतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा इंच. प्रत्यक्षात पडदा सुमारे ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. अख्खं पान त्यात बसवायचं तर ते ५६ टक्क्यांवर येतं. छापील १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटहूनही लहान होतं. आडवं धरलं तर अक्षर सुधारतं, पण पानाचे दोन-तीन तुकडे होतात. आता दहा इंची टॅब मोजा. सुमारे ५.३५ बाय ८.५५ इंच. म्हणजे डेमी पान जसंच्या तसं! आणि लांबट पोथीचं पान असेल तर टॅब आडवा धरायचा. दहा इंचाचे ई-रीडरही मिळतात, पण ते साध्या टॅबपेक्षा बरेच महाग पडतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी टॅब घेतला. काय आनंद झाला म्हणून सांगू! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना अक्षर न अक्षर दिसत होतं. मी मंडळात सगळ्यांना सांगत सुटले की टॅबच घ्या. त्यातल्या दोघींनी माझं ऐकून घेतलाही. म्हणूनच आज हे लिहिणं मला भाग आहे.

कारण वर्षभराने मी स्वतःला विचारलं की या वर्षात किती ग्रंथ पुरे झाले, तेव्हा उत्तर आलं, एकही नाही. आधी कागदावर वाचत होते तेव्हा चातुर्मासात एक तरी व्हायचा. टॅबमध्ये प्रत्येक ॲप किती वेळ वापरलं याची नोंद आपोआप होत असते. 'डिजिटल वेलबीइंग' नावाखाली ती सापडते. नातीने ती दाखवली आणि माझ्या हाती जणू कुणी माझीच कीर्द ठेवली. मग मी तीस दिवस रोज वहीत आकडे उतरवले. टॅब हातात एकूण ४१ तास. त्यात वाचन ११ तास. उरलेले तीस तास कुठे गेले? रेसिपीचे व्हिडिओ, नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो आणि सगळ्यांत जास्त, हसू नका, आपल्या स्वाध्याय मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप. सुप्रभात, फुलं, "आज अष्टमी आहे", त्यावर तेवीस जणींचे हात जोडलेले. श्रावकाचाराचं पान उघडं असताना वरून चिठ्ठी घसरायची आणि मी तिच्यामागे जायची. परत येईपर्यंत श्लोक थंड झालेला.

पाप काही मोठं नव्हतं. पण अनर्थदंडाची व्याख्या आपण दरवर्षी दशलक्षणात ऐकतो, प्रयोजनाशिवाय केलेली गोष्ट. तीस तासांचं प्रयोजन मला सांगता येईना.

पुढची गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्या आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. एके काळी आमच्या बस्तीत बायकांचा स्वाध्याय त्याच घ्यायच्या. चार वर्षांपासून त्यांना छापील अक्षर दिसत नाही. भिंग लावून एक-दोन ओळी होतात, मग डोळ्यांतून पाणी येतं. मी वाचून दाखवते, पण त्यांचं समाधान होत नाही. "तू पळवतेस गं," म्हणतात. टॅब देऊन पाहिला, तर हात थरथरतो, पेलत नाही, आणि नको तिथे बोट लागून भलतंच काही सुरू होतं. मग त्या घाबरून तो माझ्याकडे देतात.

त्यांच्या एका जुन्या वहीत त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली बारा भावनांची टिपणं आहेत. वही जीर्ण झाली म्हणून मी ती दुपारी रोज दोन पानं मोबाईलवर मराठीत टाइप करत होते. चाळीस-एक पानं झाली होती. नात म्हणाली, "आजी, ही फाईल तुझ्या त्या कपाटातल्या किंडलवर टाकूया." तिने काहीतरी करून ती ई-पब स्वरूपात पाठवली. आणि मैत्रिणींनो, त्याच मुंग्यांच्या यंत्रावर अक्षर हवं तेवढं मोठं होऊ लागलं. ओळ पडद्याबाहेर जाईना, आपोआप खालच्या ओळीत उतरायची. मी सगळ्यांत मोठा आकार केला. एका पडद्यावर जेमतेम पंधरा-वीस शब्द. आणि ते हलकं यंत्र सासूबाईंच्या हातात दिलं.

त्या वाचू लागल्या. मोठ्याने, पूर्वीसारख्या, एकेक शब्द तोलून. मला आधी वाटलं, त्यांचंच लिखाण, पाठ असेल, म्हणताहेत. पण तिसऱ्या पानावर थांबल्या. म्हणाल्या, "इथे काना राहिलाय. 'संसार'चं 'संसर' केलंयस." मी बघितलं, खरंच राहिला होता. पाठ म्हणत असत्या तर काना आपोआप पुरा झाला असता. त्या वाचत होत्या. चार वर्षांनी.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरत बसले. त्या दिवशी त्यांनी आठ चुका काढल्या.

तेव्हापासून माझं मत बदललं. आपण यंत्रांची तुलना करत बसतो, पण अर्धा प्रश्न यंत्राचा नाहीच. तो फाईलचा आहे. पीडीएफ स्कॅन केलेली असेल, तर तो पानाचा फोटो असतो. फोटोतलं अक्षर मोठं करता येत नाही, फक्त अख्खा फोटो मोठा होतो. त्याला मोठा पडदाच लागतो, म्हणजे टॅब. आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल, तर तो पाण्यासारखा, ज्या भांड्यात ओताल त्या आकाराचा. त्याला छोटा ई-रीडर पुरतो, किंबहुना तोच उत्तम. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून रीतसर विकत मिळू लागली. कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद भरपूर आहेत आणि हवं तेवढं मोठं अक्षर करून वाचता येतात. आपले ग्रंथ मात्र बहुतेक फोटोच्या रूपात फिरतात.

तेव्हा तिघींना मी दिलेलं उत्तर इथे लिहिते.

तुमचं वाचन मुख्यतः स्कॅन केलेले ग्रंथ, जुनी मासिकं असं असेल, तर दहा इंची टॅब घ्या. पण त्याला वाचनाचा टॅब करा. सिम कार्डवाला घेऊ नका. व्हॉट्सॲप त्यात घालूच नका, ते मोबाईलमध्ये आहे तेवढं पुरे. व्हिडिओचं ॲप बंद करा, ग्रंथ उतरवून घ्या आणि वाचताना विमान मोड लावा. मी असं केल्यावर पुढच्या तीस दिवसांचा हिशेब आला, हातात १७ तास, वाचन १४ तास. टॅब वाईट नव्हता, मी त्याचा बाजार केला होता.

तुमचं वाचन विकत घेतलेली मराठी पुस्तकं असं असेल, किंवा घरात सासूबाईंसारखं कुणी असेल, तर ई-रीडर घ्या. त्यात चिठ्ठ्या घसरत नाहीत. ते यंत्र दुसरं फारसं काही करत नाही, हाच त्याचा मोठा गुण. घेण्याआधी एक पाहा. काही मराठी ई-पुस्तकं, उदाहरणार्थ बुकगंगावरची, त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात. त्यांना टॅब किंवा मोबाईलच लागतो. म्हणून आधी वाचायच्या दहा पुस्तकांची यादी करा, ती कुठे मिळतात ते बघा, मग दुकानात जा. आपण डबा घेतो तेव्हा आधी त्यात काय भरायचंय ते ठरवतो ना?

दोन्हींच्या किमतीत साध्या पातळीवर फार फरक नाही, त्यामुळे पैशावरून निर्णय होणार नाही. मात्र घरात नातवंडांचा जुना टॅब पडला असेल, तर आधी तोच पुसून घ्या. नवीन वस्तू न घेणं हाही एक पर्याय असतो, तो जाहिरातीत सांगत नाहीत.

दोन गोष्टी आपल्या आपल्यातल्या. पावसाळ्यात रात्री दिवा लावला की किडे येतात, अंधारात टॅबच्या उजेडावरही येतात. म्हणून चातुर्मासात मी दोन्ही यंत्रं रात्री बंद ठेवते आणि दिवसाउजेडी वाचते. आणि सामायिकात मी दोन्हींपैकी काहीच ठेवत नाही. तिथे पाठ असेल तेवढं, नाहीतर कागदाचं छोटं पुस्तक. कुणी म्हणेल, शास्त्र यंत्रावर वाचणं हाच अविनय. मला तसं वाटत नाही. आपल्याच समाजात एके काळी शास्त्र छापायलाही विरोध होता. हाताने लिहिलेली पोथी पवित्र, छापखान्यातली अपवित्र. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींसारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'जैन बोधक' मासिक चालवलं, छापील अक्षर घराघरांत नेलं, म्हणून तुमच्या-माझ्या आज्यांच्या हाती ते लागलं. विनय वस्तूत नसतो, धरण्यात असतो. मी टॅबवर ग्रंथ उघडते तेव्हा तो चौरंगावर ठेवते, जेवताना उघडत नाही.

अविनय कशात आहे, तेही सांगते. लेखक-प्रकाशकांनी कष्टाने काढलेल्या चालू पुस्तकांच्या फुकट पीडीएफ आपण ग्रुपवर बिनदिक्कत पुढे पाठवतो. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क असतो. अचौर्य हे अणुव्रत आहे, आणि ते मोबाईलवरही लागू आहे.

शेवटी मागणी एकच. आपण व्रताच्या उद्यापनाला शास्त्रदान करतो. त्याच त्या पुस्तकांच्या शंभर-दोनशे प्रती छापून वाटतो आणि त्यातल्या कितीतरी बस्तीच्या कपाटात कोऱ्याच राहतात. यापुढे त्या रकमेतला निम्मा भाग एखादा ग्रंथ युनिकोडमध्ये नीट टाइप करून, तपासून घेण्यासाठी द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ प्राचीन ग्रंथांना कुणाची परवानगी लागत नाही. भाषांतर अलीकडचं असेल तर प्रकाशन संस्थेला विचारावं, धर्मकार्याला त्या नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. आमच्या मंडळाने एक पुस्तिका छापली होती, तिची फाईल छापखान्यातून मागवली, तर उघडल्यावर सगळा कचरा दिसला. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या यंत्रावर असंच दिसतं. म्हणून छापायला देतानाच युनिकोड हवं, असं सांगावं. आणि पानाचे फोटो काढून अक्षरं ओळखून घेणारी सोय मोबाईलमध्ये आहे, पण जोडाक्षरांत ती चुकते. माझ्या अनुभवात पानागणिक पाच-सात चुका निघतात. शास्त्रात एक काना राहिला तरी अर्थ बदलतो. म्हणून एकीने वाचायचं, दुसरीने मूळ पुस्तकात बोट ठेवून तपासायचं. हे काम यंत्राचं नाही, आपलं आहे, आणि त्यात आपसूक स्वाध्यायही होतो.

येत्या श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, आपण दरवर्षीप्रमाणे शास्त्रं काढू, धूळ झटकू, नवीन वेष्टणं घालू. या वेळी आमच्या मंडळात ठरलंय की प्रत्येकीने पाच पानं टाइप करून आणायची. आम्ही बावीस जणी आहोत, म्हणजे एकशे दहा पानं. एक छोटा ग्रंथ होतो. तपासायला सासूबाई आहेतच. त्या आत्तापासूनच विचारताहेत, पानं कधी येणार म्हणून.

जय जिनेंद्र.